‘स्किन’चे स्तोम

सुशिक्षित मराठी कुटुंबांच्या बोलण्यातून गेल्या काही वर्षांत शरीराचा एक अवयव हद्दपार झाला आहे. हाताला अजून कोणी ‘हँड’ म्हणत नाही. पाठ दुखली तर पाठच दुखते. नाक, डोळे, गुडघा, टाच ही सारी मंडळी आपापल्या मराठी नावांनिशी जागच्या जागी आहेत. परंतु आपादमस्तक सर्वांगाला व्यापून राहिलेली जी कातडी, तिचे नाव मात्र घरात उच्चारले जात नाही. थंडीत ‘स्किन’ कोरडी पडते, उन्हात ‘स्किन’ काळवंडते, नव्या सुनेची ‘स्किन’ नितळ असते आणि अंगावर पुरळ उठले की मंडळी ‘स्किनच्या डॉक्टरां’कडे जातात. इतके अवयव असता परक्या नावाने ओळखले जाण्याचा मान या एकालाच का मिळावा? हा प्रश्न केवळ कोशकारांचा आहे असे आम्हांस वाटत नाही. शब्द घराबाहेर काढला की त्याच्याबरोबर आणखी काय काय बाहेर जाते, याचा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा.

आरंभीच एक खुलासा. आमचा इंग्रजीवर राग नाही. तिचे वाङ्मय शिकविण्यात आमची बरीच वर्षे गेली आणि तिचे ऋण आम्ही कधी नाकारले नाही. टेबल, स्टेशन, पेन्सिल यांना संस्कृत पोशाख चढविण्याची हौसही आम्हांस नाही. कागद आणि दुकान, वकील आणि जमीन हे शब्द एके काळी असेच बाहेरून आले आणि आज त्यांना परके म्हणणाराच परका ठरेल. ज्या वस्तूला नाव नाही तिचे नाव वस्तूबरोबर येते. त्यात लाज कसली? आमची तक्रार वेगळी आहे. ज्या वस्तूला एक सोडून दहा नावे घरात आहेत, ती दहाही नावे मोडीत काढून त्यांच्या जागी एकच उसना शब्द बसविणे, याला भाषेची वाढ म्हणावे की दिवाळे?

यावर एक ठरलेले उत्तर मिळते. “इंग्रजी भाषा मोठी झाली ती उसनवारीनेच. तिने जगातील यच्चयावत भाषांतून शब्द उचलले. मग मराठीने एक ‘स्किन’ घेतला तर बिघडले कोठे?” हा युक्तिवाद करणाऱ्यांचे आम्हांस नेहमी नवल वाटते, कारण त्यांनी स्वतःच्या पक्षाच्या साक्षीदाराचीही उलटतपासणी केलेली नसते. खुद्द ‘स्किन’ हा शब्दच इंग्रजीत उसना आहे, हे त्यांच्यापैकी कितीजणांना ठाऊक असेल?

नवव्या शतकात स्कँडिनेव्हियातील दर्यावर्दी लोकांनी इंग्लंडच्या उत्तर व पूर्व भागांत वसाहती केल्या. त्यांच्या नॉर्स भाषेतील शब्द इंग्रजांच्या संसारात शिरले ते या शेजारामुळे. ‘स्काय’, ‘स्किल’, ‘एग’, किंबहुना ‘दे’ हे सर्वनामसुद्धा त्यांतलेच. जुन्या इंग्रजीत मूळच्या ‘स्क’चा उच्चार ‘श’ होत गेला होता, नॉर्समध्ये तो ‘स्क’च राहिला. म्हणून ‘शर्ट’ हा घरचा आणि ‘स्कर्ट’ हा पाहुणा. मूळ दोघांचे एकच. ‘स्किन’ही असाच पाहुणा आहे. तो आला तेव्हा इंग्रजांच्या घरात त्याच अर्थाचे दोन शब्द अगोदरच नांदत होते: एक ‘हाइड’ आणि दुसरा ‘फेल’.

मग इंग्रजांनी काय केले? पाहुण्याला ओसरी दिली, पण घरच्यांना बाहेर काढले नाही. कामे वाटून दिली. माणसाच्या अंगावरची ती ‘स्किन’. बैल, म्हैस, घोडा अशा मोठ्या जनावरांची ती ‘हाइड’. चामड्याच्या व्यापारात हा भेद आजही पाळला जातो: शेळी-मेंढीची व वासराची ‘स्किन’, थोराड जनावराची ‘हाइड’. कमावल्यानंतर तिला ‘लेदर’ हे तिसरेच नाव. ‘फेल’ हा शब्द मागे पडला खरा, पण त्याच्याच कुळातला ‘फिल्म’ हा शब्द, ज्याचा मूळ अर्थ पातळ पापुद्रा, तो पुढे छायाचित्रणाच्या पट्टीला मिळाला आणि आज जगभर हिंडतो आहे. ‘हाइड’चे दैव तर याहून विचित्र. ‘लपविणे’ या अर्थाचे त्याच उच्चाराचे क्रियापद आणि हे नाम ही दोन्ही ‘झाकणे’ या अर्थाच्या एकाच मूळ धातूपासून निघाली असावीत, असे व्युत्पत्तिकार मानतात. कातडी म्हणजे अंग झाकणारी, अशी मूळ कल्पना. एका उसन्या शब्दाच्या आगमनाने इंग्रजीचा संसार वाढला तो असा. आमच्याकडे तोच शब्द आला आणि संसार उठला. इंग्रजीचे उदाहरण द्यावयाचे तर पुरते द्यावे.

आता आमच्या घरात काय काय होते ते पाहू. ‘त्वचा’ हा शास्त्राचा व शिष्टसंमत लेखनाचा शब्द. सुश्रुताने शारीरस्थानात तिचे अवभासिनीपासून मांसधरेपर्यंत सात थर नावानिशी सांगितले. न्यायदर्शनाने तिला ज्ञानेंद्रियांत बसविले, कारण स्पर्शाचे ज्ञान होते ते तिच्यामुळे. ‘कातडी’ हा जिवंत अंगाचा रोजचा शब्द. अंगावेगळे झाले की ‘कातडे’. कमावले की ‘चामडे’. ‘कातडी’, ‘कातडे’ आणि सापाची ‘कात’ यांचे नाते संस्कृत ‘कृत्ति’शी लागते आणि तो शब्द कापणे या अर्थाच्या धातूचा. गंमत अशी की नॉर्स ‘स्किन’च्या मुळाशीही सोलण्याचाच अर्थ आहे. म्हणजे सुरी दोन्हीकडे एकच! दुधावर येते ती ‘साय’. आंब्याची ‘साल’, शेंगेचे ‘टरफल’, कांद्याचा ‘पापुद्रा’. पडल्यावर गुडघ्याचे निघते ते ‘सालपट’ आणि जखम भरताना धरते ती ‘खपली’. तबल्यावर चढते ती ‘पुडी’, तिला ताणून धरते ती ‘वादी’. आणि या सर्वांच्या वर ‘अंग’. थंडीने अंग उलते, भीतीने अंगावर काटा येतो, तेल अंगाला लावतात आणि औषध अंगी लागते. इंग्रज माणूस दुधाच्या सायीपासून आंब्याच्या सालीपर्यंत बहुतेक ठिकाणी ‘स्किन’ म्हणूनच भागवितो. ती त्याच्या भाषेची सोय आहे आणि त्याची त्याला लखलाभ असो. पण ज्याच्या फडताळात दहा डबे आहेत त्याने एका डब्यात सगळी डाळ ओतून टाकावी, हे कोणत्या गृहिणीला पटेल?

म्हणींचे पाहा. निगरगट्ट माणसाला आपण गेंड्याच्या कातडीचा म्हणतो. संकटात स्वतःपुरते पाहणाऱ्याचे धोरण कातडीबचाऊ. नव्या उत्साहाने उभी राहिलेली संस्था कात टाकते. उपकारकर्त्यासाठी अंगाच्या कातड्याचे जोडे करून घालावे तरी ऋण फिटत नाही. इंग्रजीत कंजुषाला ‘स्किनफ्लिंट’ म्हणतात, म्हणजे गारगोटीचीही साल काढू पाहणारा. आमचा कंजूष म्हणतो चमडी गेली तरी चालेल, दमडी जाता कामा नये. एक दगड सोलतो, दुसरा स्वतः सोलून घेतो. दोन समाजांनी एकाच दुर्गुणाकडे पाहण्याच्या या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही वाचण्याजोग्या आहेत. परंतु ज्या मुलाने घरी ‘कातडी’ हा शब्द ऐकलाच नाही त्याला ‘कातडीबचाऊ’ हे विशेषण पाठ करावे लागेल, कळणार नाही. शब्द जातो तेव्हा त्याच्यावर उभ्या असलेल्या म्हणी लागलीच पडत नाहीत. त्या काही काळ अधांतरी लोंबत राहतात आणि मग एक दिवस परीक्षेच्या टिपणवहीत जाऊन मरतात.

असे असता ही हद्दपारी झालीच कशी? शास्त्रीय अचूकतेसाठी म्हणावे, तर ‘स्किन’ हा शास्त्राचा शब्दच नव्हे. इंग्रजी वैद्यकाने आपली परिभाषा ‘डर्मा’ या ग्रीक शब्दावर उभारली. ‘स्किन’ हा तेथील स्वयंपाकघरातला साधा शब्द. म्हणजे इंग्रजाच्या स्वयंपाकघरातला शब्द आपण शास्त्र समजून माजघरात आणून बसविला. संक्षेपासाठी म्हणावे, तर ‘कातडी’ उच्चारावयास असा कितीसा वेळ लागतो? खरे कारण निराळे आहे आणि ते सांगावयास थोडी स्पष्टोक्ती पत्करावी लागेल. या शब्दांची आम्हांस लाज वाटते. हात, पाठ, टाच यांना चिकटलेली नाही अशी लाज या एकाच शब्दकुळाला चिकटलेली आहे. तिचे पदर दोन: एक जातीचा, दुसरा रंगाचा.

पहिला पदर उलगडून पाहा. ‘चामडे’ म्हटले की पाठोपाठ ‘चांभार’ येतो, ‘कातडे’ म्हटले की ते कमावणारा ढोर समाज येतो, गावकुसाबाहेरची वस्ती येते, मेलेले जनावर ओढून नेणारी माणसे येतात. हा वास नाकाला लागू नये म्हणून पांढरपेशांनी अंगावरच्या कातडीला ‘स्किन’ आणि हातातल्या पिशवीला ‘लेदर’ म्हणण्याची युक्ती काढली. वस्तू हवी, तिचे मोलही अभिमानाने सांगावयाचे, पण जिच्या नावातून तिचा करणारा डोकावतो ते नाव नको. ज्यांच्या हातची वहाण पायात घालून आमचे पूर्वज देवळात गेले, त्या हातांना देवळाची पायरी शिवू दिली नाही. आता आम्ही त्यांची नावेही जिभेला शिवू देत नाही. अस्पृश्यता कायद्याने गेली. कोशात ती अशा रीतीने मागील दाराने परत आली आहे.

वास्तविक या धंद्याच्या शब्दांत केवढी प्रतिष्ठा साठविलेली आहे! बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कच्चे कातडे मुरवून टिकाऊ चामडे करणे, याला मराठीत ‘कमावणे’ म्हणतात. पैसा मिळविणे याला तोच शब्द. व्यायामाने घडविलेल्या शरीरालाही तोच. श्रमाने नाशवंताला टिकाऊ करणे, हा तिन्हींतील समान अर्थ ज्या भाषेने ओळखला ती भाषा अडाणी खास नव्हे. बाराव्या शतकात कल्याण येथे बसवेश्वरांभोवती जमलेल्या शरणांत ढोर कक्कय्या होता आणि चर्मकार हरळय्याही होता. हरळय्याने व त्याच्या पत्नीने स्वतःच्या मांडीचे कातडे काढून बसवेश्वरांसाठी पादत्राणे शिवली, अशी कथा आहे. अंगाच्या कातड्याचे जोडे हा ज्यांच्याकरिता नुसता वाक्प्रचार नव्हता अशा माणसांचा तो शब्द आहे. त्याची लाज वाटावी काय?

या लाजेचा दंभ २०२५ सालच्या जून महिन्यात उघडा पडला. इटलीतील मिलान येथे प्राडा या विख्यात पेढीने आपल्या प्रदर्शनात कोल्हापुरी चपलांच्या धर्तीची पादत्राणे मांडली आणि प्रथम कोल्हापूरचा नामनिर्देशही केला नाही. महाराष्ट्रात योग्य तोच संताप झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक उपदर्शन मिळाले होते, याची आठवण करून देण्यात आली आणि पेढीने पुढे प्रेरणेचे मूळ मान्य केले. आम्हीही संतापणाऱ्यांत होतो. परंतु ज्या घरांतून हा संताप सर्वांत मोठ्याने ऐकू आला, त्या घरांना एक प्रश्न विचारण्याची परवानगी असावी: परक्या पेढीने कारागिराचे नाव वगळले हा अपराध, तर ‘चामडे’ हा त्याचा शब्द आपण जिभेवरून पुसून टाकला त्याला काय म्हणावयाचे?

दुसरा पदर रंगाचा. मराठीत माणूस गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळासावळा किंवा काळा असतो. विठोबा सावळा, म्हणून सावळेपणाला आमच्या भक्तीत मान. वधूवरांच्या जाहिरातींत मात्र तो नाही. हा दुटप्पीपणा मराठीतच वाढला, तो इंग्रजांनी आणलेला नाही, हे आम्ही झाकू इच्छीत नाही. पण “मुलगी गोरी हवी” असे म्हणणारा निदान काय मागतो ते स्पष्ट होते, आणि त्याला तोंडावर उत्तर देता येत असे. आज तोच मनुष्य ‘स्किन टोन’ची चौकशी करतो आणि मागणी तीच असता सुसंस्कृत दिसतो. १९७५ साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’ या मलमाचे नाव २०२० साली बदलून ‘ग्लो अँड लव्हली’ करण्यात आले, तेव्हाही हेच घडले. नाव बदलले की मागणी बदलते, असे मानणाऱ्यांचे आम्ही अभिनंदन करतो.

याहून दुःखद प्रकार मुलांच्या रंगपेटीत आहे. तिच्यात फिकट गुलाबी-पिवळसर अशी एक कांडी असते आणि आईबाप मुलाला सांगतात, “हा स्किन कलर.” कोणाची ही स्किन? अमेरिकेत क्रेयोला नावाच्या पेढीच्या पेटीत अशाच छटेच्या कांडीवर ‘फ्लेश’ म्हणजे मांसवर्ण असे लिहिलेले असे. सगळ्यांच्या देहाचा तो वर्ण नसतो हे ओळखून तिने ते नाव १९६२ साली बदलून ‘पीच’ केले. गोऱ्यांच्या देशाला जे तेव्हा कळले ते सावळ्यांच्या देशाला अजून कळू नये! आपले पोर आपल्या आईचे चित्र काढते, तिच्या चेहऱ्यात तो ‘स्किन कलर’ भरते आणि मग समोर बसलेल्या आईकडे पाहते. त्या क्षणी त्याला काय शिकविले जाते? कातडीचा एक खरा रंग असतो आणि तो आपल्या घरात कोणाचाच नाही, हे. ‘कातडीचा रंग’ असे मराठीत म्हटले असते तर मुलाने लागलीच विचारले असते, “कोणाच्या?” परका शब्द हा प्रश्न गिळून टाकतो.

शब्दांच्या या खेळाला जे निरुपद्रवी समजतात त्यांच्यासाठी एक अखेरचे उदाहरण. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, एका अजाण मुलीवरील अत्याचाराच्या प्रकरणात असा निर्णय दिला की ‘स्किन टू स्किन’, म्हणजे कातडीला कातडी लागलेली नसल्याने बालकांच्या संरक्षणाच्या २०१२ सालच्या कायद्याखालील लैंगिक हल्ल्याचा अपराध घडत नाही. मध्ये वस्त्र होते. त्या कायद्याच्या सातव्या कलमात ‘स्किन’ हा शब्दच नाही. तेथे आहे तो शारीरिक संपर्क. सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी १८ नोव्हेंबर रोजी तो निर्णय रद्द केला आणि महत्त्व हेतूला आहे, कातडीच्या संपर्काला नाही, असे बजावले. निकाल इंग्रजीत झाला आणि इंग्रजीतच दुरुस्त झाला. मराठीने त्यात काही केले नाही हे खरे. पण कोणत्याही मराठी आईला विचारा. “त्याने माझ्या लेकराच्या अंगाला हात लावला,” असे ती म्हणेल. मध्ये कापड होते की नव्हते, हा प्रश्न त्या वाक्यात उद्भवतच नाही. ‘अंग’ या शब्दात माणसाचे वस्त्र, त्याची लज्जा आणि त्याचा जीव ही सारी एकवटलेली असतात. कातडीपेक्षा मोठे असे काही माणसाला असते, हे ज्या शब्दाला कळते तो शब्द टाकून, माणसाला त्याच्या सालीएवढा करणारा शब्द आम्ही का घ्यावा?

“‘त्वचा’ फार पुस्तकी आणि ‘कातडी’ फार रांगडी; मग सुशिक्षिताने बोलावे तरी काय?” असा एक आक्षेप उरतो. त्याला उत्तर सोपे आहे. शब्द वापराने सभ्य होतात. ‘स्किन’ हाही एके काळी मेलेल्या जनावरांच्या कातड्यांचा शब्द होता. इंग्रज स्त्रियांनी तो स्वतःच्या गालाला लावला आणि तो नाजूक झाला. वैद्यांनी चिठ्ठीवर ‘त्वचा’ लिहावे, आजीने नातवाला “कातडी फुटली, तेल लाव,” म्हणावे, दुकानात ‘चामड्याचा’ पट्टा मागावा आणि जेथे तिन्ही जड वाटतील तेथे सरळ ‘अंग’ म्हणावे. यासाठी मंडळ स्थापावयास नको, ठराव करावयास नको, कोणाच्या अनुदानाची वाट पाहावयास नको. आपल्याच घरातील चार माणसांसमोर तो शब्द न लाजता उच्चारण्याचे धैर्य तेवढे हवे.

ते धैर्य नसेल, तर निदान आपण परक्या शब्दाआड काय लपवीत आहो हे तरी ओळखावे. अंग झाकणे हा कातडीचा धर्म आहे; मन झाकण्याचे काम आम्ही तिच्या उसन्या नावाकडे सोपविले आहे.